पहिल्यांदा गरवायला जाताना: खाडीकाठच्या मासेमारीची सुरुवात

गरीने, म्हणजे गळाने, मासे धरायला फार थोडं सामान लागतं. पन्नास मीटर तंगूस (नायलॉनची दोरी), पाच-सहा गऱ्या, चार शिसं (दोरी तळाला नेणारी वजनं) आणि बाजारातली ताजी कोळंबी एवढ्यावर कोकणातली शाळकरी पोरं खाडीवरून संध्याकाळच्या कालवणापुरते मासे घेऊन घरी जातात. शहरातून आलेला नवशिका महागडी काठी आणि रीळ घेऊन त्यांच्याच शेजारी बसतो आणि रिकाम्या हाताने परततो. त्याचं घोडं तीन ठिकाणी अडलेलं असतं: भरतीची वेळ, पायाखालचा तळ आणि गरीचा आकार. हा लेख या तिन्हींसाठी आहे. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या खाड्या, धक्के, साकव आणि पुळणी डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. होडी आणि जाळं यात नाही, काठावरून टाकायची गरी तेवढी आहे.

आधी तिथी बघा

खाडीतला मासा पाण्याबरोबर चालतो. भरती चढू लागली की कोळंबी, बारीक खेकडे आणि मासळीची पिल्लं काठाच्या चिखलाकडे आणि कांदळवनाच्या मुळांत सरकतात. मोठे मासे त्यांच्या मागावर येतात. पाणी उतरू लागलं की हेच सगळं खाणं ओहळांच्या तोंडाशी गोळा होतं आणि मासे तिथे वाट बघत थांबतात. त्यामुळे निघण्याआधी पंचांग उघडायचं.

भरतीचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास. पंचमीला पावणेचार. दोन्ही पक्षांत तिथी एकपासूनच मोजायची. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती अर्ध्या ते एका तासाने आधी येते, आणि कुठल्याही खाडीत जितकं आत जाल तितकी ती उशिरा पोचते. पहिल्या दिवशी काठावरच्या एखाद्या दगडावर पाणी कधी टेकलं ते घड्याळात बघून ठेवा. त्या जागेचा फरक एकदा कळला की कायमचा कळला, कारण वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते.

पौर्णिमा-अमावास्येच्या पुढचे दोन-तीन दिवस उधाणाचे. पाणी जोरात धावतं, गढूळ होतं, शेवाळ आणि कचरा दोरीला अडकतो, शिसं तळाला टिकत नाही. नवशिक्याने हे दिवस टाळावेत. अष्टमीपासून दशमी-एकादशीपर्यंत भांग असते. ओढ कमी, पाणी त्यातल्या त्यात स्वच्छ, आणि दोरीवर जे जाणवतं ते माशाचं की पाण्याचं हे ओळखता येतं. शिकायचं ते भांगेला शिकावं.

दिवसातली वेळ म्हणाल तर चढत्या पाण्याचे शेवटचे दोन तास आणि उतरतीचा पहिला तास. हे तीन तास पहाटेला किंवा तिन्हीसांजेला आले तर दिवस साधला. पाणी पूर्ण थांबलं की शिंगाळा सोडला तर बाकीचे सहसा मंदावतात. तेवढ्या वेळात आमिष बदलून घ्या, चहा प्या.

तळ कसा आहे?

तळ ओळखल्याशिवाय मांडणी ठरत नाही, म्हणून शक्य तर त्याच जागी एकदा पूर्ण ओहोटीला जाऊन या. भरतीला जिथे तीन मीटर पाणी असतं तो सगळा भाग उघडा पडलेला दिसतो: कुठे कातळाच्या खाचा आहेत, कुठे कालवांची धारदार शिंपलं, कुठे जुन्या जाळ्याचे तुकडे अडकलेत. फोटो काढून ठेवा. या एका फेरीने पुढची बरीच शिसं आणि गऱ्या वाचतात.

वाळूच्या पुळणीवर मुडदुशी मिळते, कधी लहान शिंगाळा. चिखलाच्या तळावर शिंगाळा, ढोमी आणि वाम. पुलाचे खांब, धक्क्याची भिंत, कातळाच्या खाचा ही तांबोशी, पालू आणि गोबऱ्याची घरं. कांदळवनाच्या कडेला, जिथे छोटा ओहळ मोठ्या खाडीला मिळतो, तिथे जिताडा उभा असतो. धरमतर-पेण भागात त्याचं नाव आदराने घेतलं जातं आणि गोव्यात तोच चोणक. निवांत पाण्याच्या कोपऱ्यात काठाला लागून काळुंदर फिरते.

पहिल्या काही खेपांसाठी आमची शिफारस धक्का किंवा साकव. उभं राहायला सपाट जागा असते, पाणी पायाखालीच खोल असतं आणि लांब फेकावं लागत नाही. समुद्राच्या खडपांवर अनुभवी माणसाबरोबरच जावं. तिथे जायचंच तर आधी पंधरा-वीस मिनिटं लांबून लाटा बघा. लाटा एकसारख्या येत नाहीत; बराच वेळ लहान लाटा येऊन मग दोन-तीन मोठ्या एकापाठोपाठ येतात. त्या मोठ्या लाटेचं पाणी जिथवर चढलं त्याच्या बरंच वर उभं राहायचं. काळ्या, ओल्या कातळावर शेवाळ असतं, तिथे रबरी चप्पल घसरतेच. आणि परतीची वाट भरतीने बंद होणार नाही ना, हे तिथीच्या हिशेबाने आधीच ठरवून ठेवा. मुंबईकडे मोठ्या उधाणात पाणी साडेचार-पाच मीटर चढतं, मालवणला त्याच्या निम्म्याच्या आसपास. दोन्हीकडे माणूस अडकायला तेवढं पुरतं.

सामान

हाताने टाकायच्या दोरीसाठी ०.६० मिलिमीटर जाडीचा तंगूस ५० मीटर. एवढ्या जाड तंगुसाची ताकद लहान मासे धरायला लागत नाही, तो जाड घ्यायचा तो हातासाठी, ०.३५ चा तंगूस ओढ लागली की बोट कापतो. गरीजवळचा शेवटचा हातभर तुकडा मात्र पातळ, ०.३५ ते ०.४५ चा. माशाला तो कमी दिसतो आणि कुठे अडकलंच तर तोच तुटतो, मुख्य दोरी वाचते. दोरी गुंडाळायला प्लास्टिकचं रीळ, लाकडाचा तुकडा किंवा रिकामी बाटली चालते. दोरीचं आतलं टोक त्याला गाठ मारून बांधा. हे विसरल्यामुळे सगळी दोरी पाण्यात गेल्याची उदाहरणं प्रत्येक धक्क्यावर सापडतात.

गऱ्यांचे नंबर सुरुवातीला गोंधळात टाकतात. १, २, ४, ६, ८, १० असा आकडा वाढत जातो तशी गरी लहान होते. १/०, २/०, ३/० असे शून्य लावलेले आकडे वाढतात तशी ती मोठी होते. म्हणजे १० नंबर अगदी बारीक आणि ५/० चांगली मोठी. मुडदुशी आणि काळुंदरीला ८ किंवा १०; ढोमी आणि पालूला २ ते ४; शिंगाळ्याला १/०; तांबोशीला २/० ते ४/०; जिताड्याला ४/० किंवा ५/०. एकच पाकीट घ्यायचं असेल तर ४ नंबर घ्या. नवशिके हमखास मोठी गरी घेतात आणि सगळी कोळंबी बारीक माशांना खाऊ घालून येतात. लहान गरीला मोठा मासा लागू शकतो, मोठी गरी लहान तोंडात जातच नाही.

पालूसाठी गरी जाड तारेची हवी. त्याचे जबडे शिंपलं फोडणारे असतात, पातळ तारेची गरी तो सरळ करून ठेवतो.

गरीची धार नखावर तपासा. टोक नखावर हलकेच ओढलं की रुतून थांबलं पाहिजे. घसरलं तर बारीक कानशीने दोन-तीनदा घासा किंवा गरी बदला. नवीन पाकिटातल्या गऱ्यासुद्धा तपासाव्यात.

शिसं भांगेला २० ते ३० ग्रॅम, ओढ जास्त असेल तर ५० ते ६०. वाळूवर चपटं किंवा कोनी शिसं घ्या, गोल शिसं ओढीबरोबर गडगडत जातं. शिसं दाताने दाबू नका, ते विषारी आहे. पक्कड वापरा आणि खाण्याआधी हात धुवा. याशिवाय चार-पाच स्विव्हल (दोरीला पीळ न पडू देणाऱ्या फिरत्या कड्या), लांब चोचीची पक्कड, चाकू, जुना टॉवेल, बादली, बर्फाचा डबा, आणि संध्याकाळी जाणार असाल तर डोक्याला लावायची बॅटरी.

काठी हवीच असेल तर काळुंदरीसाठी तीन-चार मीटरची चिव्याची (बारीक बांबूची) काठी, तेवढ्याच लांबीचा तंगूस आणि बुचाचा तुकडा पुरतो. दुकानातली काठी-रीळ घेणार असाल तर आठ फुटी काठी आणि ४००० मापाचं रीळ खाडीला बरं. रिळाचा ब्रेक तंगुसाच्या ताकदीच्या चौथाई ते तिसऱ्या हिश्श्यावर लावतात. आठ किलोचा तंगूस असेल तर स्प्रिंगचा काटा लावून ओढून बघा, दोन-अडीच किलोला दोरी सुटू लागली पाहिजे.

गाठ

निसटलेल्या माशांमागे बहुतेक वेळा तंगुसाचा दोष नसतो, गाठ सुटलेली असते. परतलेल्या दोरीच्या टोकाला बारीक स्प्रिंगसारखं वळण दिसलं तर समजा गाठ सरकून सुटली. नायलॉन गुळगुळीत असल्यामुळे आपली रोजची गाठ त्यावर बसत नाही. एकच गाठ शिका, क्लिंच.

१. तंगुसाचं टोक गरीच्या डोळ्यातून ओवून दहा-बारा सेंटिमीटर बाहेर काढा.
२. हे टोक मुख्य दोरीभोवती पाच-सहा वेढे गुंडाळा. जाड तंगुसाला चार पुरेत.
३. टोक परत आणून गरीच्या डोळ्यालगत जो छोटा फासा राहिला आहे त्यातून घाला.
४. त्यामुळे एक मोठा फासा तयार होतो, टोक त्यातूनही काढा.
५. गाठ थुंकीने किंवा पाण्याने ओली करा आणि हळूहळू ओढून घट्ट करा. वेढे एकाशेजारी एक नीट बसले पाहिजेत, एकमेकांवर चढता कामा नयेत.
६. उरलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवून कापा.

पाचवी पायरी बहुतेकजण गाळतात. कोरडी गाठ झटक्याने ओढली की घर्षणाने तंगूस तापतो आणि तिथेच कमजोर होतो. दिसायला गाठ झकास दिसते, आणि मोठ्या माशाच्या पहिल्याच ओढीला जाते. घरी जाड सुतळीवर दहा-वीसदा सराव करा, मग तंगुसावर, मग डोळे मिटून. अंधारात तीच गाठ मारायची वेळ येते.

दोन मांडण्या

वाळू आणि चिखलासाठी सरकतं शिसं. मुख्य दोरी मध्ये भोक असलेल्या शिशातून ओवा, मग एक मणी, मग स्विव्हल बांधा. स्विव्हलच्या दुसऱ्या बाजूला ३० ते ४५ सेंटिमीटरचा पातळ तुकडा आणि त्याला गरी. मासा आमिष उचलून चालू लागतो तेव्हा दोरी शिशातून सरकते, त्याला वजन लागत नाही आणि तो आमिष टाकून देत नाही. मणी नसेल तर शिसं गाठीवर आपटून ती झिजते.

खडपाळ तळासाठी शिसं सर्वांत खाली आणि गऱ्या वर. मुख्य दोरीच्या टोकापासून ३० आणि ६० सेंटिमीटरवर दोन फांद्या काढा, प्रत्येक साधारण १५ सेंटिमीटरची, आणि त्यांना गऱ्या बांधा. टोकाला शिसं मात्र तंगुसाने बांधू नका, शिवणाच्या कच्च्या दोऱ्याने बांधा. शिसं खाचेत अडकलं की दोरा तुटतो, शिसं जातं, बाकी सगळं हातात परत येतं. शिशाऐवजी जुना नट-बोल्ट किंवा लांबट गोटा बांधला तर गेल्याचं दुःखही नाही आणि समुद्रात शिसंही जात नाही.

आमिष

ताजं आमिष म्हणजे आपण स्वतः खाऊ इतकं ताजं. वास मारणाऱ्या कोळंबीला शिंगाळा आणि खेकडे येतात, तांबोशी फिरकत नाही. फ्रीजरमधली कोळंबी मऊ पडते आणि फेकतानाच गरीवरून सुटते; तीच आणायची असेल तर आदल्या रात्री मिठात घोळून ठेवा, घट्ट होते. तारलीलाही हेच करावं.

कोळंबी सालासकट लावा. डोकं काढा, शेपटीकडून गरी आत घालून अंगाच्या वळणाने पुढे आणा आणि टोक दोन-तीन मिलिमीटर बाहेर ठेवा. पूर्ण लपवलेल्या गरीचं टोक आमिषातच रुततं, माशाच्या तोंडात नाही. जिवंत कोळंबी जिताड्याला आणि तांबोशीला सर्वांत आवडती. ती शेपटीच्या शेवटच्या पेरात आडवी टोचा, म्हणजे बराच वेळ पाय मारत राहते. डोक्यातून टोचायची असेल तर आत दिसणारा काळा ठिपका चुकवा, तिथे गरी लागली की ती तत्काळ मरते.

बांगड्याची पट्टी बोटाच्या रुंदीची, पाच-सहा सेंटिमीटर लांब, कातडीसकट कापायची आणि कातडीतून दोनदा गरी काढायची. माकूल (स्क्विड) गरीवर सर्वांत जास्त टिकतं, म्हणून बारीक माशांचा त्रास असेल तिथे तेच लावा. तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, मांस मऊ असतं, ते शिवणाच्या दोऱ्याने गुंडाळावं लागतं. काळुंदरीला गांडुळाचा तुकडा किंवा घट्ट मळलेल्या कणकेची वाटाण्याएवढी गोळी. पाण्यावर उड्या मारणारी बोय पाहून नवशिके कोळंबी लावतात. ती शेवाळ आणि चिखलातला गाळ खाणारी, तिला पाव किंवा कणीकच चालते आणि तीही मनात असेल तर.

टाकणं

आधी मागे बघा. माणूस, मूल, कुत्रा, विजेची तार, झाड. मग दहा-पंधरा मीटर दोरी रिळावरून काढून पायापुढे स्वच्छ जागेवर मोकळ्या वेटोळ्यांत सोडा. वेटोळ्यात पाय नको. रीळ डाव्या हातात किंवा पायाखाली. शिशापासून साधारण मीटरभर वर उजव्या हाताने धरा, शरीराच्या बाजूने मागे-पुढे दोन-तीन झोके द्या आणि शिसं पुढे जाऊन वर चढत असताना सोडा. डोक्याभोवती गरगर फिरवून फेकणारे लोक धक्क्यावर दिसतात. गर्दीत ते अजिबात करू नका, गरी दुसऱ्याच्या गालाला लागते.

शिसं तळाला टेकल्याचं दोरीत कळतं, ताण एकदम जातो. लगेच ढील आवरून दोरी हलकी ताणा आणि तर्जनीवरून घ्या. दोरी हाताला गुंडाळायची नाही, कधीही नाही. मोठा मासा लागला तर ती मांसात रुतते आणि सोडवता येत नाही.

धक्क्यावरून बहुतेक वेळा लांब फेकायची गरजच नसते. तांबोशी आणि पालू भिंतीला चिकटून असतात. दोरी सरळ खाली सोडून शिसं तळाला टेकवा आणि वीतभर वर उचला.

ठोका ओळखणं

भराभर बारीक टोचण्या म्हणजे लहान मासे आमिष कुरतडतायत. झटका देऊ नका, थांबा. मुडदुशी दोन-तीन स्पष्ट ठोके देते. दुसऱ्या ठोक्याला मनगटाने छोटासा झटका, वीतभराचा. पूर्ण हात मागे नेऊन मारलेला झटका तिच्या नाजूक तोंडातून गरी फाडून काढतो. शिंगाळा सावकाश ओढत जातो आणि बहुधा स्वतःच अडकतो. तांबोशी एकच जोरकस ओढ देऊन सरळ आपल्या खाचेकडे पळते. इथे पहिले दोन-तीन सेकंद सगळं ठरवतात. दोरी द्यायची नाही, हात वर करून लगेच दोन-तीन मीटर ओढून घ्यायची. ती खाचेत शिरली आणि कल्ले फुगवून बसली की मग कितीही ओढा. तसं झालंच तर दोरी पूर्ण ढिली सोडून पाच मिनिटं वाट बघा, कधीकधी ती स्वतःहून बाहेर येते.

जिताडा जबडा उघडून पाण्यासकट आमिष आत ओढतो, हवेत उडी मारतो आणि मान झाडतो. त्या वेळी दोरी ताठ हवी पण थोडी खाली धरलेली. उडीच्या वेळी ढील मिळाली की गरी थुंकतो.

मासा थकेपर्यंत दोरी ताठ ठेवून घ्यावं-द्यावं. मोठा मासा दोरीने उचलून धक्क्यावर घेऊ नका, पाण्यात हलका असलेला मासा बाहेर येताच पूर्ण वजनाने लोंबतो आणि गाठ किंवा ओठ तुटतो. लांब दांड्याचं छोटं जाळं पाण्यात आधीच बुडवून ठेवा आणि मासा डोक्याकडून त्यात न्या.

हात लावण्याआधी मासा ओळखा

हा भाग घाईने वाचू नका. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूच्या परांना एकेक असे तीन करवती काटे असतात आणि त्यांना विष असतं. काटा घुसला की हात खांद्यापर्यंत ठणकतो. मासा जमिनीवर ओल्या टॉवेलने दाबा, पकडीने गरी धरा आणि माशाला हात न लावता सोडवा. गरी खोल असेल तर तंगूस कापा. काटा लागलाच तर जखम धुऊन सोसवेल तितक्या गरम पाण्यात, सुमारे ४५ अंश, तास-दीड तास बुडवून ठेवा. पाणी आधी दुसऱ्या हाताने तपासा, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. हे विष उष्णतेने निकामी होणारं आहे, त्यामुळे वेदना उतरतात. नंतर डॉक्टरकडे जाऊन आत काट्याचा तुकडा राहिला नाही ना ते बघून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. पाकटाच्या शेपटीच्या काट्यालाही हाच उपाय, पण पाकट गरीला लागला तर तंगूस कापून त्याला जाऊ देणंच उत्तम.

शिंगाळ्याच्या तोंडात गोट्यांएवढी पिवळसर अंडी दिसली तर दचकू नका. नर अंडी तोंडात सांभाळतो, पिल्लं बाहेर पडेपर्यंत काही खातही नाही. असा मासा अलगद पाण्यात परत सोडा.

जिताड्याच्या कल्ल्यांच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, कल्ल्यात बोटं घालून उचलायची सवय इथे महागात पडते. तांबोशीला सुळे आहेत, आणि वाम जमिनीवर आल्यावरही चावते. अंगात हवा भरून फुगणारा केंड सरळ पाण्यात परत; त्याचं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही. कोणी साफ करून खातो म्हणाला तरी आपण खायचा नाही.

गरी स्वतःच्या बोटात घुसली आणि काटेरी नख कातडीखाली गेलं असेल तर मागे ओढू नका. तंगूस कापा, गरी तशीच ठेवून दवाखान्यात जा. डोळ्याजवळ असेल तर हातही लावू नका.

मासा का लागत नाही

आमिष प्रत्येक वेळी गायब पण ठोका नाही: खेकडे. दोन गऱ्यांची मांडणी लावा आणि शिसं तळावर ठेवून आमिष वर राहील असं बघा, किंवा दहा पावलं सरका.

गरीसकट तंगूस कात्रीने कापल्यासारखा स्वच्छ तुटलेला: केंड. त्याची चोच तंगूस कापते. तिथून जागा बदलणं हाच उपाय.

ठोके भरपूर, मासा एकही नाही: गरी मोठी आहे किंवा बोथट. दोन नंबर लहान करा.

तंगूस खरखरीत लागतोय: कातळाला किंवा कालवांना घासलाय. तेवढा तुकडा कापून पुन्हा बांधा. दोन मीटर तंगूस वाचवण्यापायी तांबोशी घालवू नये.

अर्धा तास काहीच नाही: दर पंधरा-वीस मिनिटांनी आमिष बदलताय का? पाण्यात कोळंबीचा वास धुऊन जातो आणि ती पांढरी पडते. बदलूनही काही नसेल तर जागा बदला. भरती चालू असताना एका जागी तासभर चिकटून बसण्यात अर्थ नाही.

दोरी तळाला पक्की अडकली तर हाताने ओढू नका. चालत दुसऱ्या बाजूला जा, तिरकी ओढ देऊन बघा, ढील देऊन झटका द्या. तरीही न सुटल्यास दोरी काठीला किंवा जाड कापडाला गुंडाळून सरळ रेषेत ओढा आणि तोंड बाजूला ठेवा, शिसं गोळीसारखं परत येऊ शकतं. तुटलेला तंगूस खिशात घालून घरी आणा. तो वर्षानुवर्षं कुजत नाही आणि बगळ्यांच्या पायात, कासवांच्या वल्ह्यात अडकतो.

नियम आणि शेजारधर्म

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. काठावरच्या गरीला ती लागू नाही, पण पावसाळ्यात समुद्राच्या खडपावर जाणं जिवावरचा खेळ आहे. त्या दिवसांत खाडीच्या आतच बसा. पहिल्या पावसाला ओढ्यांतून वर चढणारे मासे अंडी घालायला निघालेले असतात. चढणीच्या माशांना या दिवसांत सोडून द्यावं असं आमचं ठाम मत आहे.

१९८७ साली जाहीर झालेल्या मालवण सागरी अभयारण्यात, बंदरांच्या संरक्षित भागात आणि नौदलाच्या हद्दीजवळ गरी टाकण्याआधी विचारून घ्या. २०२३ साली राज्याने ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवून दिली आहे. त्या यादीतल्या माशांपेक्षा तुमच्या गरीला खाडीचेच मासे जास्त लागतील, तरी वीतभराची तांबोशी आणि हातभर न झालेला जिताडा सोडावा. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. पिल्लं काढत राहिलं तर अंडी घालणाऱ्या माद्या उरत नाहीत. सोडताना हात ओले करा, मासा जमिनीवर आपटू देऊ नका आणि मिनिटाच्या आत पाण्यात न्या.

डोल जाळी (खाडीत रोवून ठेवलेली पिशवीसारखी जाळी) आणि त्यांचे बोये (खुणेचे तरंगते गोळे) दिसले तर तिथून दूर टाका. ती कोणाची तरी रोजची भाकर आहे. धक्क्यावर मासळी उतरत असेल तर सामान आवरून वाट मोकळी करा. स्थानिकांना विचारून बसणाऱ्याला चांगली जागा आपोआप कळते.

काढल्यानंतर

मासा उन्हात बादलीत तडफडत ठेवला तर संध्याकाळपर्यंत त्याचं मांस मऊ पडतं. डोक्यावर एक ठोका देऊन मारा, कल्ल्याखालची शीर कापून दोन-तीन मिनिटं बादलीतल्या पाण्यात रक्त जाऊ द्या आणि मग बर्फात ठेवा. मासा आणि फोडलेला बर्फ वजनाने जवळजवळ सारखे, वर थोडं खारं पाणी, म्हणजे गारवा सगळीकडून लागतो. नुसत्या बर्फाच्या लाद्यांवर ठेवलेला मासा खालून गोठतो आणि वरून कोमट राहतो. पोट घरी नाही, तिथेच साफ करायचं. घाण मात्र लोक अंघोळीला उतरतात त्या पायऱ्यांवर टाकू नये.

घरी आल्यावर दोरी, स्विव्हल, पक्कड आणि रीळ गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवा आणि सावलीत वाळवा. उन्हाने तंगूस ठिसूळ होतो. वापरलेल्या गऱ्या नव्या गऱ्यांच्या डबीत परत टाकू नका, एका गरीवरचं खारं पाणी सगळी डबी गंजवतं. त्या वेगळ्या पुसा, वाळवा आणि खोबरेल तेलाचा थेंब लावलेल्या कापडात गुंडाळून ठेवा.